महामार्गावर मोटरसायकलींचा मोठा ताफा भेटला, तर काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः मोटार, बस आणि ट्रक चालवणाऱ्यांसाठी आहे. वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते असं धरलं आहे. उजवीकडून चालणाऱ्या देशांत गाडी चालवत असाल तर डावं-उजवं उलटं करून वाचा, बाकी सगळं तेच.

आरशात एकदम वीस-पंचवीस हेडलाइट दिसले. सगळ्यात आधी काय करू?

काहीही करू नका. वेग तोच ठेवा, लेन तीच ठेवा, स्टिअरिंग स्थिर ठेवा. ताफ्यातल्या पहिल्या रायडरने तुमच्या वेगाचा अंदाज घेऊन ओव्हरटेक करायचं ठरवलेलं असतं. तुम्ही घाबरून ब्रेक दाबलात किंवा चेव येऊन वेग वाढवलात, की त्याचा हिशेब चुकतो आणि त्याच्यामागच्या प्रत्येकाचा त्याहून जास्त चुकतो. त्यांना जागा करून देण्यासाठी कडेच्या खडीवर उतरायची गरज नाही. तुम्ही उजव्या लेनमध्ये रेंगाळत असाल आणि डावी लेन मोकळी असेल, तर इंडिकेटर देऊन सावकाश डावीकडे या, एवढं सौजन्य पुरे.

एक बाइक पुढे गेली. आता लेन बदलली तर चालेल?

नाही. या प्रसंगात सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. एक गेली म्हणजे रस्ता मोकळा झाला, असं मनाला वाटतं. प्रत्यक्षात दुसरी तुमच्या मागच्या चाकाशेजारी, म्हणजे नेमकी ब्लाइंड स्पॉटमध्ये, आरशात न दिसणाऱ्या जागेत, असते आणि तिसरी तिच्या मागे. शेवटची बाइक जाईपर्यंत लेन सोडू नका. त्यानंतरही फक्त आरशावर भिस्त ठेवू नका, मान वळवून खांद्यावरून पाहा.

शेवटची बाइक कोणती, हे कळणार कसं?

नीट आखलेल्या राइडमध्ये सगळ्यात मागे एक अनुभवी रायडर ठेवलेला असतो. त्याला स्वीप किंवा टेल म्हणतात. बहुतेक वेळा त्याच्या अंगात भडक पिवळं किंवा नारिंगी जॅकेट असतं, बाइकवर सामान जास्त असतं, कधी प्रथमोपचाराची पेटीही असते. मोठ्या राइडच्या मागे मदतीची गाडी चालते. पण जॅकेट दिसलं म्हणजे ताफा संपला, असं धरून चालू नका. पन्नास-साठ बाइकांची राइड असेल तर तिचे अनेक गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला स्वतःचा लीड, म्हणजे सर्वांत पुढचा रायडर, आणि स्वतःचा स्वीप असतो. एक गट गेल्यावर अर्ध्या मिनिटाने दुसरा येऊ शकतो.

हे लोक लेनभर पसरून का चालतात? एका रेषेत चाललं तर काय बिघडतं?

बेशिस्त वाटते ती बहुतेक वेळा शिस्तच असते. सरळ, मोकळ्या रस्त्यावर पहिला रायडर लेनच्या उजव्या भागात असतो, दुसरा डाव्या, तिसरा पुन्हा उजव्या. या रचनेला ते स्टॅगर्ड म्हणतात. अमेरिकेतलं मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन असं शिकवतं, की तिरपा पुढे असलेल्या रायडरपासून किमान एक सेकंदाचं अंतर ठेवा आणि अगदी नाकासमोर असलेल्या रायडरपासून किमान दोन सेकंदांचं. त्यामुळे गट फार लांबत नाही आणि खड्डा किंवा सांडलेलं तेल चुकवायला प्रत्येकाला लेनची पूर्ण रुंदीही मिळते. त्याच्या शेजारी रिकामी दिसणारी अर्धी लेन हीच त्याची पळवाट असते. तिथे मोटार घातलीत, तर ती वाट बंद झाली.

वळणावर, खराब पृष्ठभागावर किंवा अरुंद पट्ट्यात तेच लोक एका रांगेत येतात. झुकलेल्या बाइकला जास्त जागा लागते. उजवीकडे वळताना चाकं लेनच्या आत असतात, पण रायडरचं डोकं आणि खांदा मधल्या रेषेच्या पलीकडे झुकलेले असू शकतात. समोरून येत असाल तर वळणावर आपल्या बाजूची कड धरून चालवा.

दुपदरी रस्त्यावर ताफ्याच्या मागे अडकलो आहे. ओव्हरटेक करू का?

आधी गणित करा, मग ठरवा.

ताशी 80 किलोमीटर वेगाने प्रत्येक बाइक सेकंदाला सुमारे 22 मीटर जाते. एकेक सेकंदाच्या अंतराने चाललेल्या 20 बाइकांची रांग म्हणजे साधारण 420 मीटर. तुम्ही ताशी 100 ने निघालात तर तुमचा आणि त्यांचा फरक ताशी 20 चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. पूर्ण रांग मागे टाकायला सव्वा मिनिट लागेल आणि तेवढ्यात तुम्ही दोन किलोमीटरांहून जास्त अंतर उलट्या बाजूने कापलेलं असेल. समोरून कोणी ताशी 80 ने येत असेल तर तोही याच वेळात दीड-पावणेदोन किलोमीटर पुढे सरकतो. म्हणजे निघताना समोर पावणेचार किलोमीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. एवढं लांबचं कोणाला दिसत नाही. पन्नास बाइका असतील तर रांगच एक किलोमीटरच्या पुढे जाते, तिथे विषयच संपला.

म्हणून उत्तर: सबंध ताफा एका दमात ओव्हरटेक करायचा नाही. मागे राहा. बाइकांच्या टाक्या मोटारीच्या मानाने लहान असतात आणि गटात सगळ्यात लहान टाकीवाला जिथे थांबेल तिथे सगळे थांबतात, त्यामुळे ही सोबत जन्मभराची नसते. ते थांबत नसतील आणि तुम्हाला खरंच घाई असेल, तर दोन पदरांचे चार होतात तिथपर्यंत कळ काढा.

पण गट पाडलेले असतील तर? एकेक गट करत पुढे जाता येईल ना?

येईल, आणि गट पाडण्यामागे हेही एक कारण असतंच. मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचा सल्ला पाच ते सात जणांचे गट करण्याचा आहे. सहा बाइकांचा गट सुमारे 110 मीटरचा. मागचं-पुढचं सुरक्षित अंतर धरलं तर तो ओलांडायला ताशी 20 च्या फरकाने अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ आणि एक किलोमीटर रस्ता लागतो. दुपदरी रस्त्यावर हेही थोडं नाही, पण समोरचं स्वच्छ दिसत असेल तर शक्य आहे.

मात्र दोन गटांमधली मोकळी जागा निदान शंभर मीटर हवी. त्याहून कमी असेल तर तुम्ही आत शिराल, पण मागच्या रायडरचं अंतर खाऊन.

दोन बाइकांच्या मधल्या फटीत शिरलं तर?

शिरू नका. तुम्हाला ती फट रिकामी वाटते, पण मागच्या रायडरची थांबायची जागा तीच असते. त्यात मोटार आली की त्याच्याकडे ब्रेक मारण्याखेरीज उपाय नाही आणि त्याच्या मागे सेकंदभरावर आणखी एक जण आहे.

आणखी एक गोष्ट, जी मोटार चालवणाऱ्यांच्या फारशी लक्षात येत नाही. गटात चालणारा रायडर, विशेषतः नवखा, तुमच्याकडे बघतच नसतो. त्याची नजर पुढच्या बाइकच्या मागच्या दिव्यावर खिळलेली असते. पुढचा वळला की हा वळतो, पुढचा लेन बदलतो की हाही बदलतो, आरशात पाहायचं कधी कधी राहूनच जातं. हे चूकच आहे आणि चांगले लीड राइड सुरू होण्याआधी तसं बजावतातही. पण रस्त्यावर तुम्ही त्याला सुधारू शकत नाही. आपण त्याला दिसलेलो नाही असं धरून चाला, खालची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात.

चौपदरी रस्त्यावर डाव्या लेनमध्ये ताफा आहे आणि मी उजवीकडून जातोय. काय सांभाळू?

ताफ्याकडे नको, ताफ्याच्या पुढे पाहा. तिथे हळू चाललेला ट्रक दिसला, तर काही क्षणांत सबंध ताफा तुमच्या लेनमध्ये येणार आहे. येण्याची पद्धतही ओळखता येते. बऱ्याच गटांत सर्वांत मागचा स्वीप आधी एकटाच उजव्या लेनमध्ये येतो आणि तिथे ठाण मांडतो. त्याने लेन धरली की पुढचे एकेक करून बाहेर येतात. म्हणून शेवटची बाइक एकटीच इंडिकेटर देऊन तुमच्यापुढे आली, तर 'हा मध्येच कुठे कडमडला' म्हणून हॉर्न वाजवू नका, ॲक्सिलरेटर सोडा. मागून येणाऱ्यांच्या दृष्टीने हा इशाराच आहे.

बाकी नियम साधा आहे: जायचं तर एकसारख्या वेगाने, निर्धाराने जा. ताफ्याच्या बरोबरीने शेजारून रेंगाळत जाणं सर्वांत वाईट. लेनच्या उजव्या भागातला रायडर तुमच्या दारापासून जेमतेम मीटर-दीड मीटरवर असतो. त्यामुळे तुमच्या लेनमध्ये शक्य तेवढं उजवीकडे सरकून जा आणि पुढे गेल्यावर लगेच डावीकडे कट मारू नका. पहिली बाइक पूर्ण, हेडलाइटसकट, आतल्या आरशात दिसू लागल्यावरच लेन बदला.

जोडरस्त्यावरून महामार्गावर येताना ताफा आडवा आला तर?

महामार्गावर आधीपासून असलेल्याचा हक्क पहिला. रॅम्पवर असतानाच नजर टाका आणि ठरवा: ताफ्याच्या पुढे निघायचं की मागे राहायचं. पुढे निघायला पुरेसं अंतर नसेल तर मागे. त्यांच्या मधोमध शिरणं हा तिसरा पर्याय नाही. रॅम्प संपत आला आणि रांग अजून चालूच असेल, तर वेग कमी करा, गरज पडली तर थांबा. मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू दे.

आणि बाहेर पडताना? माझा फाटा आला आणि डाव्या लेनमध्ये बाइकाच बाइका.

एक-दोन किलोमीटर आधी फलक दिसतो तेव्हाच वेग कमी करून ताफ्याच्या मागे जा. फाटा शंभर मीटरवर आल्यावर रांग कापून बाहेर पडायचा विचार करत असाल, तर तो सोडा आणि पुढच्या फाट्याने बाहेर पडा.

त्यांच्या मागे किती अंतर ठेवू?

तीन सेकंद, आणि पावसात त्याच्या दुप्पट. खांबाजवळून शेवटची बाइक गेली की मोजायला लागा, तुम्ही तिथे पोचेपर्यंत तीन पूर्ण व्हायला हवेत.

मोटारीच्या मागे चालताना दोन सेकंद चालतात, मग इथे तीन का? कारण बाइक ब्रेक लाइट न लावताही चटकन हळू होते. थ्रॉटल (बाइकचा ॲक्सिलरेटर) सोडला किंवा खालचा गिअर टाकला, की इंजिनच तिला खेचून धरतं. मागचा लाल दिवा ब्रेकच्या खटक्यावर किंवा पेडलवर लागतो, थ्रॉटलवर नाही. तुम्ही दिव्याची वाट पाहत बसाल आणि बाइक तुमच्या बॉनेटवर येईल.

दुसरं कारण ताफ्याच्या स्वभावात आहे. पुढचा रायडर वेग ताशी दहाने कमी करतो, दुसरा थोडा उशिरा आणि थोडा जास्त, तिसरा आणखी जास्त. रांग रबरासारखी आखडते आणि ताणते. पुढचे ताशी 80 वर असतात तेव्हा शेवटचे कधी 60 वर घसटत असतात, तर कधी गाठण्यासाठी 100 वर धावत असतात. तुम्ही मागे चालताय ते या सर्वांत अस्थिर टोकाच्या.

त्यांचे हातवारे कळतात का? मला उद्देशून असतात का?

बहुतेक आपसातले असतात. थ्रॉटल उजव्या हातात, म्हणून खुणा डाव्या हाताने होतात. एक बोट वर म्हणजे एका रांगेत या. दोन बोटं म्हणजे स्टॅगर्ड चला. टाकीकडे बोट म्हणजे पेट्रोल. हाताची मूठ उघडझाप म्हणजे तुझा इंडिकेटर चालू राहिलाय. रस्त्याकडे हात किंवा पाय रोखला तर तिथे खड्डा, खडी किंवा काहीतरी पडलेलं आहे, आणि ही खूण तुमच्याही कामाची. पुढच्या दहा-बारा जणांनी एकामागून एक त्याच जागी पाय काढला तर तुम्हीही चाक चुकवा.

खुणा गटागणिक बदलतात, त्यामुळे त्यांवरून फार निष्कर्ष काढू नका. युरोपात अनेक ठिकाणी तुम्ही बाजू दिल्यावर पुढे जाणारा रायडर एक पाय बाहेर काढून हलवतो. ती लाथ नव्हे, आभार आहेत. उजवा हात मोकळा नसतो म्हणून पाय.

रायडरने हात करून मला 'जा' म्हटलं तर जायचं?

त्याच्या हाताच्या भरवशावर नाही. समोरचं तुम्हाला स्वतःला दिसलं तरच.

चौकात एका बाइकवाल्याने आडवी बाइक लावून आमची वाहतूक अडवली. त्याला तसा अधिकार आहे का?

बहुतेक देशांत नाही. वाहतूक थांबवण्याचा अधिकार पोलिसांचा, किंवा त्यांनी नेमलेल्या माणसांचा. परवानगी घेतलेल्या मोठ्या कार्यक्रमात पोलीस स्वतः सोबत असतात. एरवी सिग्नल लाल झाला की प्रत्येक बाइकने थांबायचं, गट तुटला तरी. 'आम्ही सगळे एकत्र आहोत' ही कायद्यात सवलत नाही.

काही ठिकाणी ताफ्याला वेगळं स्थान आहे, पण अटींसकट. जर्मनीच्या वाहतूक नियमांत एकसंध ताफ्याला एकच वाहन मानायची तरतूद आहे, पण मोटार-वाहनांच्या ताफ्यातलं प्रत्येक वाहन त्या ताफ्याचं आहे अशी खूण त्यावर असावी लागते आणि इतरांना जाता येईल अशी अंतरंही सोडावी लागतात. 1968 च्या व्हिएन्ना कराराने सैन्याच्या तुकड्या, शाळकरी मुलांच्या रांगा आणि मिरवणुका मधून कापायला मनाई केली आहे. रविवारी सकाळी फिरायला निघालेला मित्रांचा गट म्हणजे मिरवणूक नव्हे.

हे सगळं खरं असलं तरी आडव्या बाइकवर गाडी घालण्याचा हक्क तुम्हाला मिळत नाही. तुमचा सिग्नल हिरवा असला तरी थांबा. ताफा जाऊ द्या. तक्रार करायचीच असेल तर नंतर, नंबर आणि वेळेसकट करा. माझं मत विचाराल तर अशी अडवणूक करणारे गट इतर रायडरांचंच सर्वांत जास्त नुकसान करतात.

फाट्यावर एकटाच एक बाइकवाला उभा दिसतो, तो कशासाठी?

तो मागच्यांना वळण दाखवण्यासाठी थांबला आहे. अनेक गटांत लीडच्या मागचा रायडर प्रत्येक वळणावर थांबतो, सगळे गेले की स्वीपच्या पुढे पुन्हा रांगेत शिरतो. ही पद्धत असली की ताफा सिग्नलला तुटला तरी कोणी हरवत नाही. तो तुमच्यासाठी रस्ता अडवत नाही आणि तुम्हाला रस्ता मोकळाही करून देत नाही. फक्त एवढं लक्षात घ्या, की तो उभा आहे म्हणजे मागून आणखी बाइका येत आहेत आणि तो स्वतः केव्हाही रस्त्यावर उतरणार आहे.

माझ्यामुळे ताफा तुटला तर माझी चूक?

नाही. सिग्नलने, टोलने, तुमच्यासारख्या दहा वाहनांनी ताफे रोज तुटतात. जोडून घेणं हे त्यांचं काम. फक्त तुमच्या मागे राहिलेले लोक आता गाठायच्या घाईत असतील, त्यांना सहज पुढे जाता येईल असं चालवा.

इतक्या हेडलाइट असूनही लोक म्हणतात 'बाइक दिसलीच नाही'. हे खरं असतं की बहाणा?

दुर्दैवाने बऱ्याचदा खरं असतं. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे 900 मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. त्याचा अहवाल 1981 मध्ये आला. दुसरं वाहन सामील असलेल्या अपघातांपैकी दोन-तृतीयांशांत त्या दुसऱ्या चालकाने बाइकचा आधी जाण्याचा हक्क मोडला होता. पुढे युरोपातल्या पाच देशांत 921 अपघातांची अशीच तपासणी झाली. तिथेही दुसऱ्या चालकांच्या चुकांत बाइक वेळेवर न दिसण्याची चूक सर्वांत मोठी निघाली.

कारण डोळ्यांत नाही, मेंदूत आहे. लहान आकाराची वस्तू आपल्याला आहे त्याहून लांब वाटते आणि ती पोचायला जास्त वेळ लागेल असं वाटतं. ताफ्याच्या बाबतीत याला एक फाटा फुटतो. ताफा दिसतो, पण त्यातली एकेक बाइक दिसत नाही. नजर पहिल्या दोघा-तिघांवर जाते, उरलेल्यांची गर्दी होते आणि चालक 'बाइका गेल्या' म्हणून वळतो. चौकात उजवीकडे वळणार असाल तर शेवटच्या दिव्याच्या मागचा रिकामा रस्ता दिसेपर्यंत थांबा.

रात्री वेगळं काही?

हो. दोन बाइका स्टॅगर्ड चालत असतील, एक लेनच्या उजव्या अंगाला आणि एक डाव्या, तर लांबून त्यांचे दोन दिवे मोटारीच्या दोन दिव्यांसारखे दिसतात. जवळ असलेल्या दोन बाइका लांब असलेली मोटार वाटू शकते. दोन दिव्यांमधलं अंतर कमी-जास्त होत असेल तर ती मोटार नाही. अंधारात ताफ्याच्या मागे असाल तर अप्पर बंद ठेवा. तुमचा झोत बाइकच्या छोट्या आरशातून थेट रायडरच्या डोळ्यांत जातो.

पाऊस, वारा?

पावसात बाइका पांढऱ्या पट्ट्या, पुलाचे लोखंडी सांधे आणि तेलाचे डाग चुकवत चालतात, म्हणून लेनमध्ये इकडेतिकडे सरकताना दिसतील. आडवा वारा असेल तर रायडर सरळ रस्त्यावरही एका बाजूला कललेला दिसतो. तुमच्या मोठ्या गाडीच्या आडोशाला आला की वारा अचानक थांबतो आणि तो तुमच्या दिशेने खेचला जातो, पुढे गेला की पुन्हा झोका बसतो. म्हणून वाऱ्याच्या दिवशी शेजारून जाताना नेहमीपेक्षा जास्त अंतर सोडा.

आणखी एक बारीक गोष्ट. मागे बाइका असताना काच धुवायचं पाणी उडवू नका. वायपरने फेकलेला साबणी फवारा छतावरून मागे जातो आणि थेट हेल्मेटच्या काचेवर बसतो. ताशी 80 वर सेकंदभर काही दिसलं नाही, तर तो माणूस 22 मीटर आंधळा गेला. खिडकीतून टाकलेल्या सिगारेटच्या थोटकाबद्दल वेगळं काय सांगायचं!

हॉर्न वाजवू की अप्पर-डिप्पर मारू?

धोका सांगायला हॉर्न आहेच, तेव्हा जरूर वाजवा. वैताग दाखवायला नको. अप्पर मारण्याचे अर्थ दहा आहेत, 'ये', 'थांब', 'बाजूला हो', 'पुढे पोलीस आहेत', आणि ज्याला जो सोयीचा तो तो घेतो.

मी ट्रक चालवतो. माझ्यासाठी काही?

तुमच्या केबिनच्या डाव्या कोपऱ्यात आणि अगदी बंपरपुढे अख्खी बाइक लपते, हे तुम्हाला माहीत आहेच. ताफ्यात हा धोका वीसदा येतो, कारण एकेक जण पुढे गेल्यावर तुमच्यासमोरच लेनमध्ये उतरतो. तुम्ही ठेवलेलं अंतर त्यांना मोकळी जागा वाटते. वैतागायला होतं, पण दर वेळी पुन्हा अंतर सोडण्याला पर्याय नाही. ताडपत्रीची सुटलेली दोरी आणि मागे सांडणारी वाळू मोटारीच्या काचेला टवका पाडते, बाइकवाल्याला आडवं करते. निघताना बांधणी एकदा पाहून घ्या.

त्यांच्यातला एखादा अंगावर आला, आरशावर हात मारला, तर?

उतरू नका, काच खाली करू नका, वाद घालू नका. वेग एकसारखा ठेवून गर्दीच्या, उजेडाच्या जागी जा, शक्य असेल तर पोलीस ठाण्याकडे. नंबर टिपायचा तर शेजारी बसलेल्याने टिपावा. धडा शिकवायला समोर जाऊन ब्रेक मारणं हा तर सरळ गुन्हा ठरू शकतो.

असे प्रकार किती लवकर हाताबाहेर जातात याचं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये 2013 च्या सप्टेंबरमध्ये घडलं. हेन्री हडसन पार्कवेवर एका मोठ्या ताफ्यातल्या बाइकला एका कुटुंबाच्या मोटारीचा धक्का लागला, बाइकवाल्यांनी मोटार घेरली, घाबरलेल्या चालकाने गाडी पळवली आणि त्यात एक रायडर चाकाखाली येऊन कायमचा जायबंदी झाला. मग ताफ्याने पाठलाग करून त्या चालकाला गाडीबाहेर ओढून मारलं. बाइकवाल्यांपैकी अनेकांवर खटले चालले. सुरुवात एका किरकोळ धक्क्याने झाली होती.

त्याचबरोबर हेही सांगायला हवं, की असे गट थोडे. वॉशिंग्टनमध्ये 1988 पासून 2019 पर्यंत दरवर्षी निघत आलेली, युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांसाठीची रोलिंग थंडर राइड असो, की 2012 मध्ये सिडनीत सुरू होऊन जगभर पसरलेली, कोट-टाय घालून पुरुषांच्या आरोग्यासाठी निधी जमवणारी जंटलमन्स राइड, त्यांत तुमच्या-आमच्यासारखेच नोकरदार लोक असतात.

ताफ्यातला एक जण माझ्यासमोर पडला. आता?

त्याच्या अलीकडे, त्याला आडोसा होईल अशा अंतरावर गाडी उभी करा, चारही इंडिकेटर लावा आणि मागून येणाऱ्यांना सावध करायची सोय करा. पहिला धोका त्याच्या जखमांचा नसून मागून येणाऱ्या वाहनांचा आहे. मग आपत्कालीन क्रमांकावर फोन करा आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, रस्त्याची दिशा सांगा. बाइकचं इंजिन बंद झालं आहे का ते पाहा, सांडलेल्या पेट्रोलजवळ कोणाला सिगारेट ओढू देऊ नका.

हेल्मेट काढू नका. माणूस श्वास घेत असेल तर ते तसंच राहू द्या, फक्त काच वर करा आणि डोकं हलणार नाही असं धरा. श्वास थांबला असेल, तरच आणि शक्यतो दोघांनी मिळून, एकाने मान धरून, दुसऱ्याने काढावं.

आणि तुम्ही थांबला नसाल, नुसते जवळून जात असाल, तर बऱ्याच आधी वेग कमी करा. पडला एक, पण थांबतात वीस. ते बाइका कडेला टाकून मित्राकडे धावतात. तेव्हा ते रायडर नसतात, हेल्मेटमुळे बाजूचं धड न दिसणारे, घाबरलेले पादचारी असतात.

ताफा कडेला थांबलेला आहे. जवळून जाताना काय पाहू?

कोणाच्या डोक्यावर हेल्मेट चढलंय ते. हातात हेल्मेट, पाण्याच्या बाटल्या, गप्पा चालू असतील तर अजून वेळ आहे. सगळे बसलेत, दिवे लागलेत, पुढचा मागे वळून अंगठा दाखवतोय, म्हणजे ते निघताहेत. पहिला रायडर आरशात पाहून रस्त्यावर उतरेल. दुसरा-तिसरा पाहतीलच असं नाही. शक्य असेल तर आधीच उजव्या लेनमध्ये जा.